जहाजावरील भोजनप्रसंगी मुलांचा पोशाख

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सांगली.

संयोगिता लालासाहेब साळुंखे, तुला जाऊन आज दोनशे सहासष्ट दिवस झाले. या काळात मी दैनंदिनीत एक ओळही लिहिली नाही, कारण नोंद करण्यासारखे काही घडले नाही. आज घडले, म्हणून वही उघडली आहे.

गेल्या जानेवारीत तू मला न विचारता मुंबईहून सुटणाऱ्या एका प्रवासी जहाजाची सहा तिकिटे काढून ठेवलीस. तू, मी, राजवर्धन, सूनबाई आणि दोन नातवंडे. २६ डिसेंबर, तीन रात्री. आपल्या विवाहाला चाळीस वर्षे होतात म्हणून. फेब्रुवारीत तू गेलीस. तिकिटे राहिली.

आज राजवर्धनचा साताऱ्याहून दूरध्वनी आला. "आबा, जायचंच आहे. आईनं काढलीत." पस्तिशी उलटलेला माणूस स्वतःच्या इच्छेला आईचे नाव देतो. मी 'बरे' म्हटले. मग क्रांतीने फोन घेतला. जहाज कंपनीने एक पत्रक पाठवले आहे. दुसऱ्या रात्रीचे भोजन समारंभपूर्वक असते व त्यासाठी मुलांचाही पोशाख औपचारिक हवा. "आबा, मुलांना काय घालू? तुम्ही सांगाल तसं."

दोन मुलांची आई, पदवीधर, सुभेदाराची मुलगी. आणि भोजनाला मुलांना कोणते कपडे घालावेत हे तिला सासऱ्याला विचारावे लागते. याच क्रांतीने परवाच्या दिवाळीत मुलांना जुने कपडे घालून पाटावर बसवले होते. पाडव्याला मी गेलो तेव्हा साईराजच्या शर्टाची कॉलर विरलेली होती. आळस, दुसरा शब्द नाही.

कुपवाडहून तुझ्या शिलाईच्या गाळ्याचे मालक अर्जुना यांचाही निरोप आहे. वर्षअखेर गाळा रिकामा हवा. किल्ल्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. तू गेल्यापासून ते दार उघडलेले नाही. पाहू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

कंपनीचे पत्रक मागवून वाचले. इतके ढिसाळ लेखन मी महाविद्यालयाच्या प्रबंधकपदाच्या एकतीस वर्षांत पाहिले नव्हते. 'मुलांनी छान दिसावे, पण आरामातही असावे!' पुढे उद्गारचिन्ह. आणि चित्रात एक पोरगे, गळ्यात टाय आणि खाली अर्धी चड्डी.

म्हणून मी स्वतः परिपत्रक तयार करून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले. अकरा कलमे. कलम एक: मुलासाठी गडद निळी पूर्ण लांबीची विजार, ती बुटापर्यंत पोचली पाहिजे. कलम चार: ज्यावर अक्षरे छापली आहेत असे कोणतेही वस्त्र भोजनकक्षात वर्ज्य; मनुष्य हा फलक नव्हे. कलम सात: मुलीचा फ्रॉक गुडघ्याखाली. कलम नऊ: रबरी चपला घालून येणाऱ्यास मी ओळख देणार नाही.

राजवर्धनने अंगठा पाठवला. क्रांतीने लिहिले, "बरं आबा. आहे त्यात बसवते."

'आहे त्यात.' यावरून तयारीची कल्पना यावी.

रविवार, ९ नोव्हेंबर. सातारा.

सकाळच्या गाडीने साताऱ्यास आलो. दुपारी मुलांची रंगीत तालीम घेतली. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, काटा-चमचा, आणि परिपत्रकाप्रमाणे पोशाख करून येण्याची आज्ञा.

साईराज आला. बारा वर्षांचा मुलगा. विजार घोट्याच्या चार बोटे वर! मी विचारले, "हा काय प्रकार?"

त्याने आईकडे पाहिले. मग म्हणाला, "आजोबा, आता अशीच चालते. अँकल लेंथ."

आठ वर्षांच्या अपेक्षाच्या फ्रॉकला खालून वीतभर पट्टा, तोही मूळ रंगाहून गडद, आणि मध्ये जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ. असल्या विचित्र नक्षीला आजकाल लोक पैसे मोजतात. जेवताना साईराजने पाण्याच्या तांब्याकडे हात लांबवला आणि काखेत टर्रकन शिवण उसवली. अपेक्षा हसू लागली.

"दादा, जहाजावर हात वर करू नको हं. नाहीतर बुडेल."

"तू गप. तुझ्या फ्रॉकला मजले चढलेत."

मी दोघांना ताकीद दिली. क्रांती सुई-दोरा घेऊन आली आणि शर्ट अंगावर असतानाच काख शिवू लागली. खाली मान घालून म्हणाली, "आबा, तुम्ही एकदा मनावर घेतलंत तर सगळं सुरळीत होईल."

"मी परिपत्रक दिले आहे. याहून अधिक काय मनावर घ्यायचे?"

तिने दोरा दाताने तोडला. रंग कोणता हेही माझ्याकडून लिहून हवे असावे. या पिढीला निर्णयाचे एवढे भय का?

सोमवार, १७ नोव्हेंबर. सांगली.

शेवटी मीच बाजारात गेलो. दुकानातला पोऱ्या मला 'काका, पार्टी वेअर दाखवू का' म्हणाला. मी त्याला पांढरे शर्ट दाखवण्यास सांगितले. दोन पांढरे शर्ट, दोघांचे काळे बूट, मोजे. विजार व फ्रॉकचे माप मला ठाऊक नव्हते; ते तू पाहायचीस. पार्सल साताऱ्यास रवाना केले.

शनिवार, २२ नोव्हेंबर.

पार्सल परत आले. न उघडता. वरची माझ्या हातची सुतळीसुद्धा सोडलेली नाही.

रात्री राजवर्धनशी बोललो. त्याचे म्हणणे असे: "आबा, रागावू नका. ते घरात ठेवून मुलांना हात लावू नका म्हणणं क्रांतीला जमेना. साईराज रोज खोक्याभोवती फिरत होता. आम्ही ठरवलंय, त्या जेवणाला मुलांना नेत नाही. वर डेकवर साधं खाणं मिळतं, तिथं आम्ही चौघं खाऊ. तुम्ही आत बसा."

"मी आत एकटा बसू? सहा जणांच्या टेबलावर?"

"मग काय करू सांगा ना, आबा! तुम्हालाच ठाऊक आहे."

मला काहीही ठाऊक नाही. मी दिलेले वस्त्र माझी सून मुलांच्या अंगाला लागू देत नाही, एवढेच ठाऊक आहे. मी त्याला सांगितले की मी येणार नाही. संयोगिता, तुझी तिकिटे आता तूच वापर.

रविवार, ३० नोव्हेंबर.

अर्जुना यांचे तीन फोन आले, म्हणून कुपवाडला गेलो. रविवार असल्याने औद्योगिक वसाहत शांत होती. कुलूप गंजले होते. शेजारच्या वर्कशॉपमधून तेल मागावे लागले.

आत चार शिलाई मशीन्स, झाकलेली. भिंतीला शाळांच्या गणवेशांचे नमुने. तुझ्याकडे काम करणारी मंगल निरोप मिळून आधीच आली होती. वय चाळीस, आवाज त्याहून मोठा. मी इतक्या वर्षांत तिच्याशी दोनदा बोललो असेन.

तिने कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "ही तुमची, साहेब. काकूंनी कापून ठिवलंय. जहाजावर जेवायला जायचं हाय न्हवं? साईराजची पँट, अपेक्षाचा फ्रॉक. निस्तं शिवायचं राह्यलंय."

कापड मी ओळखले. निवृत्तीच्या वेळी संस्थाचालकांनी दिलेले गडद निळे सुटाचे कापड. त्या लोकांच्या हातचे काही अंगाला लावणार नाही, कुणा गरजूला दे, असे मी तुला तेव्हाच सांगितले होते. तू दिले नाहीस.

"दहा महिने झाले. शिवले का नाहीस?" मी विचारले.

"शिवून घालायचं कुणाच्या अंगावर? कोरं कापड हाय त्ये."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्या घरचा दुखवटा अजून उतरलाय कुठं?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तेराव्याला काकूंच्या भावानं, मामांनी, टॉवेल-टोपी, पोरांची कापडं आणली. काकूंच्या माहेरचं कापड घरच्या मोठ्या माणसाच्या अंगावर पडलं म्हंजी मग बाकीच्यांनी नवं घालायचं. तुमी त्यास्नी दारातनं माघारी धाडलं. मग सुनेनं काय करायचं?"

मी तिला समजावले. घरातले माणूस गेले असता कपड्यांची देवाणघेवाण करणे मला अशोभनीय वाटते. म्हणून तेराव्या दिवशी, २१ फेब्रुवारीस, मी ती प्रथा आमच्या घरापुरती बंद केली.

"बंद तुमी केली असंल. सुनंला सांगितलं का कुणी? तिनं दिवाळीला लेकरं जुन्यावर बसवली. जूनमधी शाळंचा ड्रेस येस्टीनं माझ्याकडं पाठवला, मीच खालची दुमड सोडून लांब करून दिला. आवं, पोरगं वितभर वाढलं! तुमास्नी काय वाटलं, आखूड पँटीची फ्याशन हाय?"

प्रश्नाचा सूर उद्धट होता. मी दाराकडे वळलो.

दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. प्रत्येक सुट्टीत आलेल्या नातवंडांची उंची, शेजारी तारखा, तुझे अक्षर. साईराजची सर्वांत वरची रेघ मोजून काढलेली नव्हती, कारण तिच्याशेजारी लिहिले होते, 'डिसेंबर, जहाज'. मंगल म्हणाली, "काकूंनी अंदाजानं मारलीया. म्हणल्या, तवर एवढा हुईल. त्याच मापानं कापलंय."

सोमवार, १ डिसेंबर.

विशेष काही नाही. जेवलो नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर.

तुझ्या भावास पत्र लिहिण्याचा प्रयत्न केला. तीन मसुदे झाले. 'आपण दि. २१ फेब्रुवारी रोजी आणलेले वस्त्र तेव्हा स्वीकारता आले नाही; आपणांस सोयीचे असल्यास...' तिसराही फाडला. आटपाडीकडे डाळिंब आणि शेरडे सांभाळणाऱ्या, माझ्या मुलाच्या लग्नात व्यासपीठावर धोतराने घाम पुसणाऱ्या माणसाला 'आपणांस' लिहिताना लेखणी अडते. फोन केला.

"दाजी?" आप्पासो ओरडलेच. ते फोनवर नेहमी ओरडतात. दोन गावांमधले अंतर त्यांना आवाजानेच तोडायचे असते. "आवं दाजी, तुमचा फोन? बरं हाय न्हवं समद्यांचं?"

"बरे आहे. ते कापड."

"कुठलं कापड?"

"फेब्रुवारीतले."

मागे शेरडांचा आवाज येत होता. मग ते हळू बोलू लागले, प्रथमच. "पेटीत हाय की. तसंच हाय. ज्याच्या नावानं आणलं त्याचंच असतंय ते, दुसऱ्याला देता येत न्हाई. तुमी सांगा कवा येऊ. आता निघू?"

मी रविवार, सकाळी अकरा, कुपवाडचा गाळा असे सांगितले. घरी बोलावले नाही. आमच्या कॉलनीतले लोक खिडक्यांतच राहतात.

रविवार, ७ डिसेंबर.

ते साडेआठलाच आले. मी नऊला पोचलो तेव्हा मोटारसायकल दारात आणि आप्पासो पायरीवर, मांडीवर पत्र्याची पेटी. पाठोपाठ साताऱ्याहून राजवर्धन, क्रांती आणि मुले. मी त्यांना बोलावले नव्हते. मंगलने कळवले असणार. या बाईच्या पोटात काही राहत नाही.

"बसा दाजी. उगवतीकडं तोंड करा," आप्पासो म्हणाले.

"विधी नको. द्यायचे ते द्या."

"विधी कसला आलाय! खुर्ची तिकडं फिरवा निस्ती. तुमी एक तर लय ताठ, त्यात पाठ करून बसला तर मी टोपी कुणाला घालू?"

मंगल हसली. राजवर्धनसुद्धा. मी खुर्ची फिरवली.

त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मला वाटले होते की ते काही बोलून दाखवतील. तो त्यांचा अधिकार होता आणि तेव्हा मी त्यांना दारातच काय म्हटले होते ते मला आठवत होते. त्यांनी फक्त टॉवेलची घडी नीट केली. "आमच्या मनुबाईच्या नावाचं हाय, दाजी. यवढं खांद्यावर असू द्या."

लग्नात मी तुझे नाव बदलून संयोगिता ठेवले. हा माणूस चाळीस वर्षे जुनेच नाव घेत आला आहे, आणि दर वेळी मी ते दुरुस्त केले आहे. आज केले नाही. दहा महिने पेटीत राहिल्याने टोपीला डांबरगोळ्यांचा उग्र वास होता आणि त्याने डोळ्यांना फार त्रास झाला. अपेक्षा म्हणाली, "आजोबा, हा रुमाल घ्या." मी तिला डांबरगोळ्यांचे कारण सांगितले. ती म्हणाली, "हो, मलापण येतोय वास." तिच्या डोळ्यांना काही झाले नव्हते.

मुलांसाठी फेब्रुवारीत आणलेले कपडे आता कुणालाच होईनात. साईराजच्या हातात शर्ट कोपरापर्यंतच चढला.

"मामाआजोबा, हा तुमच्या शेरडाला होईल."

"खांद्याला लागला न्हवं? मग पोचला," आप्पासो म्हणाले. "आता काय पाहिजे ते घाल जा."

क्रांती इतका वेळ कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली, माझ्या पाया पडली, आणि पदराने तोंड झाकून बाहेर गेली. मी तिला काहीतरी म्हणायला हवे होते. नऊ नोव्हेंबरला साताऱ्यात तिने जे म्हटले त्याचा अर्थ मला आज लागला, असे काही. मी म्हटले, "ते पार्सल माझ्याकडे आहे. बुटांचे माप एकदा पाहून घे." बाहेरून ती "हो आबा" म्हणाली.

नंतर मंगलने साईराजला भिंतीशी उभे केले. त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. तुझी 'डिसेंबर, जहाज' ही रेघ आणि त्याचे डोके यांत एका बोटाचे अंतर निघाले. तो एक बोट जास्त वाढला आहे. तू चुकलीस, पण एका बोटानेच. आणि खाली दुमडायला तू चार बोटे कापड सोडले होतेस.

रविवार, २१ डिसेंबर.

मंगलने कपडे शिवून आणले. विजार बुटापर्यंत पोचते. फ्रॉक गुडघ्याखाली आहे. तिने तिसरेही काही पुढे केले: त्याच निळ्या कापडाचे जाकीट.

"हे कुणाचे?"

"तुमचंच. उरलेल्यात बसवलं काकूंनी. म्हणल्या, शिवल्यावरच दाखव, आधी दाखवलंस तर न्हाई म्हणतील."

म्हणजे भोजनकक्षात आम्ही तिघे एकाच ठाणाचे कापड घालून प्रवेश करणार. लग्नाच्या वरातीतले वाजंत्री असे दिसतात. मी तसे म्हणालो. अपेक्षा लगेच ढोल वाजवून दाखवू लागली. साईराज पोट धरून हसला आणि काख उसवली नाही.

६ नोव्हेंबरचे परिपत्रक मागे घेतल्याचे गटावर कळवले. कलम चार व नऊ मात्र कायम आहेत. क्रांतीने विचारले, "आबा, भोजनाला टोपी चालेल का? मामांची?" मी कळवले की जहाजाच्या पत्रकात टोपीचा उल्लेख नाही, सबब मनाई नाही.

बुधवार, २४ डिसेंबर.

उद्या पहाटे निघायचे. आज गाळा रिकामा केला. दोन मशीन्स मंगल घेऊन गेली. दोन अर्जुना यांच्या ओळखीने गेली. जागेत प्लास्टिकच्या बादल्यांचा व्यापारी येणार आहे. गणवेश शिवले जात त्या ठिकाणी बादल्या. पुढच्या आठवड्यात भिंतींना चुना मारणार, असे अर्जुना सांगत होते. मी हरकत घेतली नाही. जागा त्यांची आहे.

ते बाहेर हिशेबाची वही शोधत असताना मी भिंतीवरच्या सर्व रेघा मोजपट्टीने मोजून या दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतल्या. साईराजच्या नऊ, अपेक्षाच्या सहा. मोजताना सर्वांत वर, हात उंच केल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, आणखी एक रेघ आढळली. तारीख नाही. शेजारी फक्त 'हे' असे लिहिले आहे.

या भिंतीशी मी कधी उभा राहिलो नव्हतो. तुझ्या गाळ्यात मी कधी पाच मिनिटेही थांबलो नव्हतो. तू मला अंदाजाने काढलेस.

दार लोटून घेतले आणि बूट काढून उभा राहिलो. डोक्यावर पट्टी धरून वळून पाहिले. दोन बोटे कमी भरलो. वयाने माणूस उतरतो, किंवा तू मला होतो त्याहून उंच धरत होतीस. कोणते खरे ते ठरवण्याचे साधन आता नाही.

दिवे व पंखा बंद असल्याची खात्री केली. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्जुना यांना परत केल्या.